सायीतली कोशिंबीर

"आई, काकडीत काय काय असतं गं?"

कोमल स्वयंपाकघरातल्या फरशीवर उताणी पडली होती. सकाळचा सराव करून आली की ती तिथंच येऊन पडायची. फरशी गार असायची आणि भाकरीचा वास फुकट मिळायचा. घाम निघून वजन उतरावं म्हणून अंगात प्लास्टिकचं जाकीट, त्यावर लोकरीचा स्वेटर, आणि महिना वैशाखाचा.

"पाणी," मी म्हणाले.

"आणि?"

"बिया."

"आणि?"

"आणि काय असायचं? एखादी कडू निघाली तर कडूपणा. बास."

एरवी असं काही बोललं की ती खो खो हसायची. त्या दिवशी हसली नाही. डोळे मिटूनच म्हणाली, "वस्ताद म्हणत्यात काकडीनं प्वाट भरतं. माझं का भरंना मग?"

कोमल हे नाव मी हौसेनं ठेवलं आणि पोरगी झाली पैलवान. कागलच्या अलीकडच्या आमच्या गावात मुलींना तालमीत घ्यायला लागून तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. तिच्या आबांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, स्वतः एके काळी कुस्त्या केल्या होत्या. गुडघा गेला म्हणून सुटल्या. मुलगा झाला नाही, तेव्हा त्यांनी मुलीला लाल मातीत उतरवलं. मी कुरकुर केली, पण पोरीला खेळताना बघितलं आणि गप्प बसले. ती चांगली खेळायची. समोरचीला उचलून टाकल्यावर तिच्या तोंडावर जे यायचं, ते माझ्या तोंडावर जन्मात कधी आलं नसेल.

त्या वर्षी राज्याच्या संघाची निवड चाचणी सांगलीला होती. कोमलचं वजन साठीच्या आसपास. पण त्या गटात दुसऱ्या जिल्ह्यातली एक मुलगी होती, तिनं कोमलला लागोपाठ दोनदा चितपट केलं होतं. म्हणून हिंदुराव वस्तादांनी ठरवलं, की हिनं पंचावन्नच्या गटात उतरायचं. तिथं हिला धरणारी कुणी नाही. वस्तादांचा शब्द तिच्या आबांना देवाच्या जागी. कोमल सतरा वर्षांची, तीही लगेच हो म्हणाली. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते?

घरात दोन म्हशी. तोवर पोरगी तांब्यानं दूध प्यायची, भाकरीवर लोण्याचा गोळा घ्यायची. ते सगळं एका दिवसात बंद. सकाळी अर्धी भाकरी, दोन अंडी, आणि मग दिवसभर काकडी. वस्तादांनी कोशिंबीर कशी करायची तेही सांगून पाठवलं होतं. साय काढलेल्या दुधाचं दही, तेही पाणी घालून पातळ केलेलं, त्यात काकडी. दाण्याचं कूट नाही, साखर नाही, फोडणी नाही. मीठसुद्धा नाही, मीठ अंगात पाणी धरून ठेवतं म्हणे. एकदा मी चव घेऊन बघितली. आमच्या म्हशीपुढं ठेवली असती तर तिनं शिंगानं उडवून दिली असती.

पोरगी उतरायला लागली. आधी गाल गेले. मग विंचरताना फणीत केसांचे पुंजके यायला लागले. पायऱ्या चढताना भिंतीला हात लावायची. आणि चार महिने तिची पाळी आली नव्हती. ते माझ्याशिवाय कुणाला कळणार?

तिच्या आबांना मी सांगितलं. बाईनं नवऱ्याला सांगावं तशा आडवळणानं नाही, सरळ सांगितलं. ते लोखंडी खराऱ्यानं म्हशीची पाठ घासत होते. हात न थांबवता म्हणाले, "बरंच झालं की. सरावाला खाडा न्हाई."

मला वाटलं, तो खरारा घ्यावा आणि त्यांच्या पाठीवरून फिरवावा. माणूस वाईट नव्हता, हेच माझं दुखणं. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. त्यांना खरोखरच ती चांगली बातमी वाटली होती.

वस्तादांना ही गोष्ट सांगणं शक्यच नव्हतं. मुली तालमीत गेल्या, पण त्यांच्या आया अजून दारातच उभ्या राहायच्या. उंबऱ्याच्या आत बाईमाणसाचं पाऊल नको, हा जुना नेम आमच्यापुरता शिल्लक होता. दारात उभं राहून चार पोरांच्या देखत पाळीबद्दल काय बोलणार? तेव्हा माझ्या हातात काय होतं ते मी बघितलं. हातात काकडी होती.

काकडी मी नेहमीसारखी चोचवली आणि घट्ट पिळली. तिचं पाणी म्हशीच्या बादलीत ओतलं. वस्तादांना ज्या पाण्याचं एवढं कौतुक, ते म्हशीनं एका घोटात संपवलं. मग घट्ट दही घेतलं आणि त्यात दोन दिवसांची साय घालून एकजीव होईपर्यंत फेटलं. दाणे भाजून त्यांचं कूट मिक्सरमधून दोनदा काढलं, म्हणजे दाताखाली येऊ नये. चिमूटभर साखर, मीठ, वर तुपाची फोडणी. मोहरी घातली नाही, ती दिसते. सगळ्यात शेवटी वस्तादांचं ते पांचट दही वरून पसरलं, म्हणजे वाटी बघणाऱ्याला रोजचीच वाटावी. डेअरीत आमच्या दुधाचं फॅट कधी सातच्या खाली लागलं नाही. त्या सायीत काय असतं हे मला कुणी शिकवायला नको होतं, आणि काकडीत काय नसतं हेही नको होतं.

दुपारी तिचे आबा तिथंच जेवत बसले होते. कोमलनं पहिला घास घेतला आणि थांबली. माझ्याकडं बघितलं. मी भाकरी उलटायच्या कामात होते, म्हणजे तसं दाखवत होते. तिनं खाली मान घातली आणि वाटी संपवली. बोटानं निपटून घेतली.

दुसऱ्या दिवशी आबा दूध घालायला डेअरीत गेले तशी ती माझ्याजवळ आली.

"आई, साय घातलीयास न्हवं?"

मी हो म्हणाले. आता ही आकांडतांडव करणार, अशी मनाची तयारी केली होती.

"घाल," ती म्हणाली. "जरा जास्तच घाल. आबांस्नी सांगू नगंस."

"अगं पण वजन?"

"उतरंल की. मी पळणं वाढवते."

असं आमचं ठरलं. घरात दोघींचं मिळून एक गुपित असणं ही माझ्यासाठी नवी गोष्ट होती, आणि मला ती आवडली. रोज ती पानावर बसली की मी वाटी ठेवायची, तिनं कसनुसं तोंड करून खायची, आणि आबांनी म्हणायचं, "खा, खा, शिक्षा समजून खा." आम्ही एकमेकींकडं बघत नव्हतो, हसू आलं असतं म्हणून. महिन्याभरात तिच्या तोंडावर रंग आला. भिंतीला हात लावणं थांबलं. वजनही उतरत होतं, पण हळूहळू. वस्ताद म्हणायचे, पोरीचं हाड जड आहे. मी मनात म्हणायची, असू दे बाबा, हाड तरी जड असू दे.

शेवटचे दोन दिवस वस्तादांनी पाणीसुद्धा बंद केलं. नुसतं तोंड ओलं करायचं आणि थुंकायचं. आदल्या संध्याकाळी मी खरंच साध्या दह्यातली कोशिंबीर केली. उद्या सकाळी वजन, आज धोका नको. कोमलनं वाटी बघितली आणि बाजूला सारली.

"ही नगं. ती कर."

"उद्या वजन हाय कोमल."

"एका वाटीनं काय हुतंय? मला झोप तरी येऊ दे."

तिच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. मी उठले आणि केली. कुणी म्हणेल, नाही म्हणायला हवं होतं. ज्यानं उपाशी लेकराला नाही म्हटलंय त्यानं खुशाल म्हणावं.

सांगलीला मुलींचं वजन एका बंद खोलीत घेत होते. पुरुषांना आत मज्जाव. मुलीबरोबर एक बाई चालेल असं कळलं, म्हणून तालमीच्या दारापलीकडं कधी न गेलेली मी तिथं मात्र आत गेले. काट्यावर लाल आकडे उमटले. चष्मा लावलेल्या बाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "चारशे ग्रॅम जास्त. वेळ संपायच्या आत परत या."

वस्तादांनी तिला जाकीट चढवलं आणि उन्हात पळवलं. ती पळत होती आणि मधे थांबून थुंकत होती. थुंकायलाही काही येत नव्हतं. मग वस्ताद म्हणाले, "क्यास."

कोमलची वेणी कमरेच्या खाली यायची. तेल मी घालायची, दर रविवारी. औषधपेटीच्या टेबलावरून कुणीतरी कात्री आणली. तिच्या आबांनी ती हातात घेतली, क्षणभर माझ्याकडं बघितलं, आणि मानेपाशी वेणी कापली. धरायला माझ्याच हातात दिली. वेणीचं वजन काहीच नव्हतं. हे पुरणार नाही, हे मला तिथंच कळलं.

पुन्हा काटा. तरीही दोनशे ग्रॅम वरच. चष्म्याच्या बाई म्हणाल्या, आता जेमतेम थोडा वेळ आहे. कोमल म्हणाली, लघवीला जाऊन येते. मी मोरीच्या बाहेर उभी राहिले, एका हातात वेणी धरून.

आतून हाक आली, "आई."

मी दार लोटलं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि खाली बोट दाखवत होती. रक्त होतं. पाच-सहा महिन्यांनी आलं होतं.

मला रडू कोसळलं. ते दुःखाचं नव्हतं. त्या सगळ्या मैदानात, त्या घडीला, माझ्याइतकी सुखी बाई दुसरी नसेल. माझ्या सायीनं काम केलं होतं. त्या वस्तादांना, त्यांच्या त्या पाण्याच्या कोशिंबिरीला, माझ्या नवऱ्याला, कुणाला न जुमानता माझी पोर आतून परत नीट झाली होती. मी तिला जवळ घेतलं.

"आताच मरायचं हुतं व्हय हिला," कोमल म्हणाली आणि माझा हात झटकला. "रडतीयास काय? बघ कुणाकडं काय मिळतंय का."

चष्म्याच्या बाईंनीच काय हवं ते दिलं. तिसऱ्यांदा ती काट्यावर चढली. आकडा हलला नाही. बाईंनी पुढच्या मुलीचं नाव पुकारलं आणि संपलं.

बाहेर वस्ताद आणि तिचे आबा उभे होते. आमची तोंडं बघूनच त्यांना कळलं. आणखी तालमींची माणसं होती, त्यांच्या मुली होत्या, सगळे ऐकत होते. वस्तादांनी आवाज चढवला नाही. तो माणूस कधीच ओरडायचा नाही. त्यांनी कोमलला विचारलं, काल काय खाल्लंस.

"कोशिंबीर."

"कशातली?"

"आईनं केली हुती."

वस्ताद माझ्याकडं वळले. "वहिनी, कशात केली हुती?"

"दह्यात," मी म्हणाले.

"निस्त्या दह्यात?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं. पण मग वाटलं, का बोलू? आम्ही दोघींनी केलं, दोघी सांगू. पोरगी आजारी होती, आता बरी झाली, हेही सांगू. निदान घरी गेल्यावर आबांना सांगू. म्हणून मी खरं सांगितलं.

"सायीत."

"कवापासनं?"

"दीड महिना झाला."

कुणीतरी मागं हसलं. तिच्या आबांचं तोंड काळंठिक्कर पडलं. मला वाटलं, हात उचलणार. पण ते माझ्याकडं आले नाहीत. कोमलसमोर जाऊन उभे राहिले.

"तुला ठावं हुतं?"

कापलेल्या केसांत तिचं डोकं एवढंसं दिसत होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. पहिल्या घासाला बघितलं होतं तसंच, सावकाश. मला वाटलं, आता बोलेल.

"न्हाई आबा. आईनं दिलं ते खाल्लं. मला काय ठावं, काय घातलंय."

मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. तिला तिथं सगळ्यांच्या समोर खोटं पाडायचं? आजवर कुणी मला आपल्या पोरीवर उलटायला शिकवलं नव्हतं. तिच्या आबांनी मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आजपासनं हिच्या हातचं पोरीनं पाणीबी प्यायचं न्हाई." वस्ताद म्हणाले, डबा आमच्याकडनं येईल. दोन बाप्यांनी दोन वाक्यांत ते मिटवून टाकलं.

परतताना जीप चहाला थांबली. चौघांत तीन कप आले. चहा मला तसाही नको होता.

पुढची हकिगत पंचक्रोशीला माहीत आहे. कोमल पुढच्या वर्षी पंचावन्नच्या गटात बसली, पदक घेऊन आली. गावानं मिरवणूक काढली. त्या वर्षात तिची पाळी परत थांबली होती, ते मात्र पंचक्रोशीला माहीत नाही. आता ती पुण्याला मुलींना कुस्ती शिकवते. सत्काराला उभी राहिली की ती कोशिंबिरीची गोष्ट हमखास सांगते. आईच्या अडाणी मायेनं माझं एक वर्ष कसं खाल्लं, असं म्हणते. लोक हसतात, टाळ्या वाजवतात. मी पहिल्या रांगेत असले तर वळून माझ्याकडं बघतात. लग्नाकार्यात पंगतीला बसले की कुणीतरी वहिनी विचारतेच, साय घातलीय का हो यात? याचा मला राग नाही. सवय झाली. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

राग आहे तो सांगलीहून परतलो त्या दिवशीच्या संध्याकाळचा.

तिचे आबा दूध घालायला गेले तशी कोमल स्वयंपाकघरात आली. डोक्याला रुमाल बांधला होता. फरशीवर बसली आणि म्हणाली, "भाकरी दे."

"आबांनी काय सांगितलंय?"

"आबा हाईत व्हय हितं? दे, लई भूक लागलीया."

मी ताट केलं. वांग्याची भाजी होती, दूध होतं, लोणी होतं. आता वजनाची भीती नव्हती. तिनं एक भाकरी संपवली, दुसरी संपवली. पोटभर जेवताना तिला मी कितीतरी दिवसांनी बघत होते, आणि लाज वाटते सांगायला, मला बरं वाटत होतं. तिसरी वाढताना मी विचारलं.

"खोटं का बोललीस कोमल?"

ती चावत राहिली. मग म्हणाली, "खरं बोलले असते तर आबांनी तालीम बंद केली असती माझी. पुढच्या महिन्यात लगीन लावून दिलं असतं. तुला ठावं न्हाई व्हय?"

मला ठावं होतं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

"म्हणून माझ्यावर ढकललंस?"

"मग कुणावर ढकलू?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. काकडीत काय असतं म्हणून विचारलं होतं तसंच, खरोखर माहीत करून घ्यायचं असल्यासारखं तिनं मला विचारलं, "माझी तालीम बंद झाली असती. तुझं काय बंद व्हणार हुतं?"

ती जन्मल्यापासून तिच्या पोटात जे गेलं ते माझ्या हातानं गेलं होतं. त्या घरात माझा म्हणावा असा अधिकार तेवढाच. तो त्याच सकाळी, भर मैदानात, तिच्या आबांनी काढून घेतला होता. ती माझ्या शेजारी उभी होती. तिनं ते ऐकलं होतं आणि त्यात माझं काही गेलं असं तिला वाटलंच नव्हतं.

"आबा यायच्या आत आणखी एक दे," ती म्हणाली.

मी दिली. ती जेवली, ताट स्वतः घासून फळीवर पालथं ठेवलं, आणि आपण इथं जेवलो हे कुठं दिसत नाही ना, ते नीट बघून बाहेर गेली.